एआय, मोबाईल आणि आपली रोजीरोटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात नारायण पेठेत पंचवीसेक वर्षं डीटीपी आणि भाषांतराचं काम करते. गेली दोन-तीन वर्षं ओळखीपाळखीचे लोक, त्यांचे भाचे-पुतणे, जुनी गिऱ्हाइकं, सोसायटीतल्या बायका सगळे मला एआयबद्दल विचारायला लागलेत, कारण काय तर "तुझ्या धंद्यावरच आलंय ना ते, मग तुला माहीत असणार". तर्क तसा वाईट नाही. तेच तेच प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर येत राहतात आणि मी तेच तेच टाइप करत राहते, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं. कायद्याचं आणि टॅक्सचं जिथे आलंय तिथे नियम सांगितलाय, पण तुमच्या केससाठी कागद वकिलाला नाहीतर सीएला दाखवा, मला नको.

१. एआय म्हणजे नेमकं काय? कॉम्प्युटर तर आधीपासून होताच की, मग आत्ताच एवढी बोंबाबोंब का?

आधीच्या कॉम्प्युटरला प्रत्येक नियम माणसाने सांगावा लागायचा. पगाराचा प्रोग्रॅम असेल तर पीएफ किती कापायचा, सुट्टी कशी मोजायची, सगळं कुणीतरी बसून लिहिलेलं असायचं. आत्ता ज्याला लोक एआय म्हणतात, चॅटजीपीटी वगैरे, त्याला असे नियम दिलेले नसतात, त्याला अफाट मजकूर वाचायला दिलेला असतो आणि त्यावरून ते पुढचा शब्द कुठला येईल याचा अंदाज बांधत जातं. एवढंच. पण हा अंदाज इतका चांगला जमायला लागला की पत्र लिहिणं, सारांश काढणं, भाषांतर, कोड लिहिणं ही कामं त्यातून निघायला लागली.

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला सगळ्यांसाठी खुलं झालं. फरक असा की त्याआधी मशीन हिशोब आणि नोंदी करायचं, आणि "आलेलं पत्र वाचून त्याला उत्तर लिहिणं" हे काम खुर्चीत बसलेल्या माणसाचं होतं. आता मशीन त्या खुर्चीपाशी आलंय. कारखान्यातला माणूस हे चाळीस वर्षं बघतोय, टेबलावर काम करणाऱ्याला पहिल्यांदाच दिसलं म्हणून आवाज मोठा आहे, असं माझं मत.

२. ताई, सरळ हो की नाही सांगा, माझी नोकरी जाणार का?

सरळ सांगते, प्रश्न चुकतोय. नोकरी एका दिवसात जात नाही, त्याच्या कितीतरी आधी कामाचा भाव पडतो, आणि तो पडताना आवाज होत नाही.

माझंच सांगते. एका एजन्सीचं काम मी बरीच वर्षं करत होते, इंग्रजीतून मराठीत, शब्दाला एवढे पैसे असा दर. २०२३ मध्ये मेल आला की यापुढे आम्ही मशीनने केलेलं भाषांतर पाठवू, तुम्ही फक्त तपासून द्या, याला पोस्ट एडिटिंग म्हणतात, आणि तपासायचंच असल्यामुळे दर निम्म्याहून कमी. आता सोप्या मजकुरात खरंच निम्मा वेळ लागतो, मान्य आहे. पण औषधाच्या डब्यातला कागद नाहीतर विम्याच्या अटी असल्या की मशीनचं वाचा, मूळ वाचा, परत जुळवा, म्हणजे पूर्वीपेक्षा जास्तच वेळ जातो, दर मात्र तोच कमी केलेला. मला कुणी काढलं नाही, काढायला मी नोकरीत नव्हतेच. दारावरची पाटी तीच, गिऱ्हाईक तेच, महिन्याची बेरीज तेवढी उतरली.

नोकरदाराला हेच वेगळ्या रूपात दिसतं. शेजारचा माणूस सोडून गेला आणि त्याच्या जागी कुणी आलंच नाही, त्याचं काम तुमच्याकडे. टार्गेट वाढलं पण इन्क्रिमेंट नाही. "हे एआयने केलंय, तू फक्त बघून दे" हे वाक्य आठवड्यातून दोनदा कानावर यायला लागलं. असं होत असेल तर तुमच्या कामाचा भाव आत्ताच हललाय, नोकरीच्या पाटीवर तुमचं नाव अजून असलं तरी.

३. मग कुठली कामं आधी जाणार आणि कुठली राहणार?

मी दोन गोष्टी बघते. काम स्क्रीनवर येतं आणि स्क्रीनवरूनच जातं का, आणि चूक झाली तर किती महागात पडते. स्क्रीनवरचं काम आणि चूक स्वस्त, तर पहिला नंबर तुमचा: चॅटवर तक्रारी घेणं, डेटा एंट्री, ऑनलाइन दुकानातल्या वस्तूंची वर्णनं लिहिणं, रेकॉर्डिंग ऐकून टाइप करणं, सुरुवातीचं साधं कोडिंग. चूक महाग असेल तर मशीन आलं तरी शेजारी माणूस लागतो (प्रश्न १२ बघा).

पण कंपन्यांच्या घोषणाही जशाच्या तशा घेऊ नका. क्लार्ना नावाची स्वीडनची कंपनी आहे, तिने २०२४ मध्ये सांगितलं की आमचा एआय ७०० माणसांएवढं ग्राहकसेवेचं काम करतोय, आणि २०२५ मध्ये तिचाच मालक म्हणाला की दर्जा घसरला, माणसं परत घेतो. बंगळुरूच्या 'दुकान' नावाच्या कंपनीने २०२३ मध्ये सपोर्टची ९० टक्के माणसं काढून बॉट बसवला, त्या मालकाने तर ते ट्विटरवर अभिमानाने लिहिलं आणि लोकांनी त्याला धुतला.

राहिले हातांची कामं करणारे, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, नर्स, पोळ्या करायला येणाऱ्या मावशी. यांना थेट धोका कमी आहे हे खरं, पण आमच्या मावशींच्या पाच घरांपैकी चार घरं आयटीवाल्यांची आहेत. त्या घरांत एक पगार कमी झाला की पहिली काटकसर कुठे होणार ते त्यांनाही माहितीये आणि मलाही.

४. कॉम्प्युटर आला तेव्हाही असंच घाबरवत होते, शेवटी काही झालं नाही ना?

कुणाला काही झालं नाही? हा प्रश्न नेहमी ज्यांचं बरं झालं तेच विचारतात.

बँकांचं बघा. ऐंशीच्या दशकात युनियनचा कॉम्प्युटरला कडक विरोध होता, १९८३ मध्ये युनियन आणि बँकांचा यांत्रिकीकरणाचा करार झाला, १९८४ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या रंगराजन समितीचा अहवाल आला, मग हळूहळू लेजरच्या जागी मशीन. लगेच कुणाला काढलं नाही. पण २०००-०१ मध्ये सरकारी बँकांत व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती आली तेव्हा सुमारे १ लाख लोक बाहेर पडले. त्याच काळात खासगी बँका, एटीएम, कॉल सेंटर, सॉफ्टवेअर कंपन्या यांत नव्या नोकऱ्या आल्या, आणि जास्तच आल्या, पण त्या बहुतेक पुढच्या पिढीला मिळाल्या. व्हीआरएस घेतलेला पंचेचाळिशीचा क्लार्क हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत गेला नाही, त्याचा मुलगा गेला.

माझ्या पेठेतलं त्याहून स्पष्ट दिसतं. इथल्या छापखान्यांत कंपोझिटर असायचे, एकेक खिळा, म्हणजे धातूचं अक्षर, उचलून ओळ जुळवणारे, आरशातलं अक्षर वाचणारे. डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावणं आलं, आयएसएम आणि श्रीलिपी ही मराठी टाइप करायची सॉफ्टवेअर आली, दोन्ही पुण्यातच तयार झालेली, आणि माझ्यासारख्या टायपिंग क्लास केलेल्या मुलींना काम मिळालं. म्हणजे मी ज्या खुर्चीवर बसले ती कुणाची तरी काढून घेतलेलीच होती. एक जुने कंपोझिटर आमच्याकडे नंतर प्रूफ न्यायला-आणायला होते, सायकलवर. शुद्धलेखनाची चूक ते चालता चालता कागदाकडे बघून सांगायचे. त्यांना "काही झालं नाही" असं म्हणता येईल का, मला नाही वाटत.

५. पेपरात आलं होतं की २०३० पर्यंत १७ कोटी नवीन नोकऱ्या येणार, मग काळजी कशाला?

तो आकडा वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या जानेवारी २०२५ च्या अहवालातला. पूर्ण वाक्य असं आहे की १७ कोटी नव्या येतील, ९.२ कोटी जातील, निव्वळ वाढ ७.८ कोटी, आणि हे सगळ्या जगाचं, फक्त एआयचं नाही. शिवाय हा मालक लोकांना विचारून काढलेला अंदाज आहे.

गंमत पुढे आहे. आकड्याने सगळ्यात जास्त वाढणाऱ्या कामांच्या यादीत वर कोण, तर शेतमजूर, डिलिव्हरी ड्रायव्हर, बांधकाम मजूर. एआय इंजिनिअर टक्केवारीत जोरात वाढतात, पण मुळात थोडे असतात. बातमीत मात्र फोटो लॅपटॉपवाल्या मुलीचा असतो. म्हणून बेरीज-वजाबाकी बघताना जाणारी नोकरी कुठल्या पगाराची आणि येणारी कुठल्या, ते आधी बघा.

६. हिंजवडीत माणसं काढतायत ती एआयमुळेच ना?

काही अंशी. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास लोक कमी करणार असं सांगितलं, तेव्हा कंपनीने स्वतः कारण दिलं की एआयमुळे कामं कमी झाली म्हणून नाही, कौशल्यं जुळत नाहीत म्हणून. झळ जास्त कुणाला, तर मधल्या आणि वरच्या फळीला. यामागे अमेरिकेतल्या क्लायंटनी हात आखडलेत हे आहे, कोविडमध्ये केलेली भरमसाट भरती आहे, आणि एआय पण आहे.

एआयचा भाग समजायला आपल्या आयटीचा धंदा कसा चालतो ते बघावं लागतं. बराच काळ पैसे माणूस आणि तास यावर मिळायचे, वीस माणसं सहा महिने म्हणजे एवढं बिल. खाली फ्रेशरची रुंद फळी, वर थोडे सीनियर. आता क्लायंट विचारतो की तुमची माणसं एआय वापरतात ना, मग वीस कशाला, बारा दाखवा आणि बिल पण तसंच लावा. म्हणजे प्रश्न २ मधला माझा दर जसा पडला तसाच हा कंपनीचा पडतोय, फक्त शून्यं जास्त. फ्रेशरचं पॅकेज तर दहा-बारा वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतंय, ते एआय यायच्या कितीतरी आधीपासून, त्याचं खापर मशीनवर फोडू नका.

७. मुलाला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला घालू की नको? बारावीला आहे.

आवड असेल तर घाला, "स्कोप आहे" म्हणून घालू नका. एआयसीटीईने, म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजांना मान्यता देणाऱ्या केंद्रीय परिषदेने, २०२४-२५ पासून चांगल्या कॉलेजांना एका ब्रँचमध्ये किती जागा घ्यायच्या त्याची कमाल मर्यादा काढून टाकली, आणि कॉलेजांनी कॉम्प्युटर, एआय-डेटा सायन्सच्या जागा वाढवल्या. चार वर्षांनी एकदम सगळे बाहेर पडणार, आणि ज्या कामांनी फ्रेशर शिकायचा, टेस्टिंग, साधे बग काढणं, तीच आता मशीन करतंय. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, सिव्हिलला जाऊन सोबत प्रोग्रॅमिंग शिकलेला मुलगा मला जास्त सुरक्षित वाटतो. हे माझं मत, गॅरंटी नाही. भाचा कॉम्प्युटरलाच गेला, माझं ऐकलं नाही, ठीक चाललंय त्याचं.

८. चाळीस हजारांचा "एआय एक्स्पर्ट" कोर्स करू का?

नको. आधी फुकटातलं वापरून तुमच्याच कामातली एक गोष्ट करून बघा, मग कळेल काय शिकायचंय. आणि जिथे "१०० टक्के प्लेसमेंट" लिहिलंय तिथून तर उलट्या पावली परत या.

९. मीटिंग रूममध्ये बोलावून सांगितलं की पोस्ट रद्द झाली, आजच राजीनामा टाक म्हणजे रेकॉर्ड खराब होणार नाही. टाकू का?

हा प्रश्न गेल्या वर्षभरात सगळ्यात जास्त आला, म्हणून जरा सविस्तर.

त्या खोलीत कशावरही सही करू नका. "घरी विचारून मेलवर कळवतो" एवढंच बोला आणि बाहेर या. कारण असं की कंपनीने कमी केलं तर ती कपात, आणि तुम्ही राजीनामा दिलात तर तो तुमचा निर्णय, कायद्याच्या दृष्टीने दोन टोकं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नवीन कामगार संहिता लागू झाल्यात. त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेत कपात करायची तर वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कारण लिहून एक महिन्याची नोटीस नाहीतर तेवढा पगार, शिवाय पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार द्यावा लागतो. नवीन भर म्हणजे पुन्हा कौशल्य शिकण्यासाठीचा निधी, त्यात मालकाने कपात झालेल्या माणसामागे १५ दिवसांचा पगार भरायचा आणि तो ४५ दिवसांत तुमच्या खात्यात यायचा. राजीनामा दिलात की यातलं काहीच नाही.

आता अडचण. हे सगळं "कामगार" या व्याख्येत बसणाऱ्याला. मॅनेजरचं काम करणारे त्यात येत नाहीत, आणि सुपरवायझरचं काम करून महिन्याला १८ हजारांपेक्षा जास्त घेणारेही नाहीत. पण कार्डावर "मॅनेजर" छापलं म्हणून माणूस मॅनेजर होत नाही, खरं काम काय करता त्यावर ठरतं, आणि आयटीत असिस्टंट मॅनेजर म्हणवणाऱ्या कितीतरी जणांच्या हाताखाली एकही माणूस नसतो. दुसरी बाजू पण सांगते, सरकारची परवानगी घेऊनच कपात करायची ही अट पूर्वी १०० कामगारांच्या वरच्या कारखान्यांना होती ती आता ३०० वर नेलीय, म्हणजे तिथे मालकाची बाजू सोपी झाली.

कपातीचं लेखी मागा. ऑफर लेटर, पगाराच्या स्लिपा, अप्रेझलचे मेल यातलं जे तुमचं स्वतःचं आहे ते जपून ठेवा, पण कंपनीचा कोड नाहीतर क्लायंटची फाइल घरी पाठवू नका, नाहीतर तीच तुमच्यावर उलटेल. कामगार आयुक्तांच्या ऑफिसात तक्रार देता येते.

१०. मी फूड डिलिव्हरी करतो, कंपनी मला पार्टनर म्हणते. मी कामगार आहे की नाही?

कायद्याने तुम्ही "गिग कामगार" किंवा "प्लॅटफॉर्म कामगार". म्हणजे नोकर नाही, आणि पूर्ण मोकळाही नाही. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात असे लोक २०२०-२१ मध्ये ७७ लाख होते आणि २०२९-३० पर्यंत २.३५ कोटी होतील असा अंदाज आहे, त्यामुळे एकटे नाही तुम्ही.

सामाजिक सुरक्षा संहितेप्रमाणे अ‍ॅप कंपनीने वर्षाच्या उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम तुमच्यासाठीच्या निधीत भरायची, मात्र तुम्हा लोकांना जेवढं देतात त्याच्या ५ टक्क्यांच्या वर नाही. त्यातून अपघात, आरोग्य, म्हातारपण अशा योजना. पण नीट वाचा, यात किमान वेतन नाही, भरपगारी रजा नाही, पेट्रोल वाढलं म्हणून दर वाढवा असंही नाही. राजस्थानने २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा केला, देशात पहिला, आणि २०२५ मध्ये कर्नाटकने. आधी एक काम करा, ई-श्रम पोर्टलवर प्लॅटफॉर्म कामगार म्हणून नोंदणी करून टाका, आधार आणि मोबाईल लागतो.

खरी मेख वेगळीच आहे. कुठली ऑर्डर कुणाला, किती पैशात, हे मुकादम ठरवत नाही, प्रोग्रॅम ठरवतो, आणि मुकादमाशी भांडता तरी येत होतं. कर्नाटकच्या कायद्यात म्हणूनच आयडी बंद करायचा तर कारण लिहून आणि आधी नोटीस देऊन असं घातलंय. आपल्याकडे कुणाचा आयडी अचानक बंद झाला तर मी एवढंच सांगते की अ‍ॅपवरची तक्रार आणि मेल दोन्ही करा, रेटिंग, ऑर्डर, कमाई यांचे स्क्रीनशॉट दर आठवड्याला काढून ठेवायची सवय लावा, कारण आयडी बंद झाला की आतलं काहीच दिसत नाही.

११. आमचं किराणा दुकान आहे, यूपीआय घेतलं की टॅक्सवाले मागे लागतात म्हणे. क्यूआर काढून टाकू का?

यूपीआय २०१६ मध्ये आलं, जानेवारी २०२० पासून दुकानदाराला त्यावर एमडीआर, म्हणजे दर व्यवहारामागचं कमिशन नाही, आणि सुट्टे नाहीत म्हणून हातात कोंबायची ती पेपरमिंटची गोळी त्याबरोबर गेली. क्यूआर काढलात तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल एवढंच होईल.

भीती कुठून आली ते सांगते. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात जीएसटी खात्याने यूपीआयचे आकडे बघून हजारो छोट्या दुकानदारांना नोटिसा दिल्या, बेकरी, चहावाले, अगदी भाजीवालेसुद्धा, आणि तिथे लोकांनी "फक्त रोख" असे बोर्ड लावले. नियम असा आहे की फक्त माल विकणाऱ्याला वर्षाच्या ४० लाखांच्या वर जीएसटी नोंदणी लागते, सेवा देणाऱ्याला २० लाखांच्या वर. हॉटेल, चहाची टपरी सेवेत मोडते, हे खूप जणांना माहीतच नसतं. नुसती ताजी भाजी-फळं, सुटं दूध असा करमाफ माल विकत असाल तर उलाढाल कितीही असो, नोंदणी नाही. दीड कोटीपर्यंतच्या दुकानदाराला कंपोझिशन योजनेत उलाढालीच्या १ टक्का भरून मोकळं होता येतं.

गोंधळ होतो तो एकाच खात्यामुळे. त्याच क्यूआरवर दुकानाचे पैसे, मेहुण्याने परत केलेले उसने, भिशीचे हप्ते, सगळं येतं, आणि बाहेरून बघणाऱ्याला ती सगळी विक्रीच दिसते. दुकानाचं खातं वेगळं करा. आणि कुणा फसवणाऱ्याने लुबाडलेल्या पैशातून तुमच्याकडे सामान घेतलं म्हणून तुमचं खातं गोठलं, तर त्या विक्रीचं बिल हाच तुमचा पुरावा, म्हणून चारशे रुपयांचं असलं तरी बिल फाडा.

१२. एआयने चूक केली तर जबाबदार कोण? माझ्याकडून साहेब एआयनेच करून घेतात सगळं.

जो सही करतो तो. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने प्रवाशाला तिकीट सवलतीची चुकीची माहिती दिली, कंपनी म्हणाली बॉटचं बोलणं आमच्यावर बंधनकारक नाही, आणि २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने कंपनीलाच पैसे द्यायला लावले. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले खटले कोर्टात दाखल केले, ५ हजार डॉलर दंड. २०२५ मध्ये डेलॉइट या सल्लागार कंपनीला ऑस्ट्रेलिया सरकारला एका अहवालाचे काही पैसे परत द्यावे लागले, त्यातही बनावट संदर्भ निघाले होते.

हे मशीन खोटं "बोलत" नाही, प्रश्न १ मध्ये सांगितलं तसं ते शोभेलसा शब्द टाकतं, आणि शोभेलसा खटला क्रमांक पण टाकतं. म्हणून साहेबांना मेलवर लिहा की हा मसुदा एआयचा आहे, आकडे मी तपासलेले नाहीत नाहीतर अमुक एवढेच तपासलेत. अजून एक, क्लायंटचे कागद, आधार, मेडिकल रिपोर्ट फुकटच्या अ‍ॅपमध्ये चिकटवू नका. नोकरी जाण्याचं ते फार जुन्या पद्धतीचं कारण होईल.

१३. मी एआयने बनवलेलं चित्र किंवा लेख माझा होतो का? आणि माझा आवाज कुणी चोरला तर?

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटरने तयार केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती तयार करवणारा माणूस, असं वाक्य आहे. पण ते आत्ताचं एआय यायच्या खूप आधीचं, आणि नुसती एक ओळ टाइप करणारा "करवणारा" का, हे कोर्टात नीट ठरलेलं नाही. उलट बाजूने, आपलं लिखाण न विचारता मशीनला वाचायला दिलं याबद्दल एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली हायकोर्टात चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयवर दावा लावलाय.

आवाजाचं जरा पुढे गेलंय. जुलै २०२४ मध्ये अरिजीत सिंगच्या बाजूने मुंबई हायकोर्टाने आदेश दिला की त्याच्या आवाजाची एआय नक्कल परवानगीशिवाय करायची नाही. पण तो अरिजीत सिंग आहे. डबिंग करणाऱ्या साध्या कलाकाराने करारात "या रेकॉर्डिंगवरून माझा आवाज तयार करता येणार नाही" ही ओळ आत्ताच घालून घ्यावी. अमेरिकेतल्या पटकथालेखकांनी २०२३ मध्ये १४८ दिवस संप करून एआयबद्दलच्या अटी अशाच करारात लिहून घेतल्या.

१४. मराठीत तर एआयला काही जमत नाही, मग आपल्याला काय भीती?

दोन वर्षांपूर्वी मी पण असंच म्हणायचे. जुन्या मशीन भाषांतरात बँकेचं व्याज "स्वारस्य" व्हायचं, आम्ही हसायचो. आता चुका हसण्यासारख्या राहिल्या नाहीत, वाक्य व्याकरणात बसतं पण असं कुणी बोलत नाही, "आपण मदत प्राप्त करण्यास सक्षम असाल" वगैरे. आजीला "तू" आणि रिक्षावाल्याला "आपण" असलं होतं अजून. पण गिऱ्हाईक म्हणतं, चालतंय की. आणि "चालतंय की" म्हणणारा माणूस हाच माझा खरा स्पर्धक, मशीन नव्हे.

केंद्र सरकारचं भाषिणी, म्हणजे भारतीय भाषांत भाषांतर करणारं मशीन, २०२२ पासून आहे. देवनागरी मजकूर मशीनच्या पोटात इंग्रजीपेक्षा जास्त तुकड्यांत मोडतो आणि पैसे तुकड्यांवर मोजतात, त्यामुळे तेवढाच मजकूर मराठीत महाग पडतो, पण हा फरकही कमी होत चाललाय, त्याच्या भरवशावर बसू नका.

१५. शेतीत एआय आलं म्हणतात, आमच्या गावाला काय त्याचं?

बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या मदतीने उसावर प्रयोग केलाय, हवामान केंद्र, जमिनीतले सेन्सर आणि उपग्रहाचे फोटो एकत्र करून शेतकऱ्याला मोबाईलवर सांगायचं की पाणी कधी, खत किती. राज्य सरकारनेही २०२५ ते २०२९ साठी महाअ‍ॅग्री-एआय धोरण आणलंय. पाणी आणि खत वाचतं यात मला शंका नाही. दोन एकरवाल्याने खर्च कसा काढायचा हा प्रश्न आहे, गट करून घेतलं तर परवडेल.

पण उसातलं माणसाचं काम एआय नेत नाही, ऊस तोडणारा हार्वेस्टर नेतोय. बीडहून कोयता घेऊन येणाऱ्या जोडप्याचं काम त्या मशीनने कमी होतंय आणि त्याला कुणी एआय म्हणत नाही म्हणून त्यावर परिषदा भरत नाहीत.

१६. नवी मुंबईत एवढी डेटा सेंटर उभी राहतायत, तिथे नोकऱ्या असतील ना?

बांधताना भरपूर, चालवताना थोड्या. समुद्राखालच्या केबल मुंबईला लागतात आणि वीज बरी मिळते म्हणून ऐरोली, महापे, रबाळे पट्ट्यात गर्दी आहे. आत मशीन असतात, माणसं कमी. इलेक्ट्रिकल, एसीचं काम, फायर सेफ्टी, सिक्युरिटी यांत जागा निघतात, आयटीआयवाल्यांनी लक्ष ठेवावं. पूर्वी त्याच पट्ट्यात केमिकल आणि इंजिनिअरिंगचे कारखाने होते, तेवढी माणसं या इमारतींत कधीच लागणार नाहीत.

१७. माझं वय ५२, अकाउंट्सची कामं घेतो, आता हे शिकून काय उपयोग?

उपयोग आहे, पण सगळं शिकायला जाऊ नका. दर महिन्याला सगळ्यात कंटाळवाणं काम कुठलं ते शोधा, समजा बँक स्टेटमेंट जुळवणं नाहीतर क्लायंटना "बिलं पाठवा" म्हणून तेच ते मेल लिहिणं, तेवढं एकच मशीनकडून करून घ्या, नावं आणि खाते नंबर काढून. महिनाभर स्वतः पण करा आणि दोन्ही ताडून बघा, कुठे चुकतंय ते कळेल. मग पुढचं काम. जीएसटीची नोटीस यायच्या आधी दुकानदाराला फोन करून "अहो, तुमची उलाढाल चाळीस लाखांच्या जवळ आलीय" हे सांगणं तुमच्याकडेच ठेवा, त्यासाठी लोक तुमच्याकडे येतात.

आणि बिल तासावर करत असाल तर आजच बंद करा, कामावर करा. पूर्वी तीन दिवस लागायचे ते आता एका दुपारी झालं, तर तो वाचलेला वेळ कुणाचा, हे आधी ठरवून घ्या. मी एजन्सीला एकदा सहज बोलून गेले होते की हल्ली लवकर होतं हो, प्रश्न २ मधला तो दर कमी केल्याचा मेल त्यानंतर दोन महिन्यांनी आला. किती वेळ लागला ते क्लायंटला सांगू नका.